शंभरवरून सव्वाशेवर

हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यातला एक गाडी चालवतो आणि एक मागे बसते. मागे बसणाऱ्याला गाडीबद्दल जे कळतं ते चालवणाऱ्याला कळत नाही, हे गेल्या काही महिन्यांत आम्हाला चांगलंच पटलं. म्हणून 'आम्ही'.

आम्ही चिपळूणचे. गोवळकोट रोडला घर, बाजारात मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान. आमच्यातली एक कराडची. घाटावरची मुलगी कोकणात दिली म्हणून निकाहाच्या वेळी दोन्हीकडच्या लोकांनी नाकं मुरडली होती. तिकडच्यांना आमच्या कालवणातलं खोबरं सोसायचं नाही, इकडच्यांना त्यांचं तिखट. आता ते सगळं जुनं झालं. मधे उरला तो फक्त कुंभार्ली घाट.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. जुम्याचा दिवस होता. दुपारी तीनच्या सुमारास कराडहून शेजारणीचा फोन आला की अम्मी मोरीत घसरून पडल्या आहेत, पाय हलवता येत नाही, रिक्षाने दवाखान्यात नेतोय. कराडच्या अम्मी एकट्या राहतात. मुलगा सौदीला आहे. आम्ही दुकानाचं शटर ओढलं, मुलांना घरच्या अम्मी-अब्बांकडे सोडलं, एका पिशवीत कपडे आणि कागदपत्रं कोंबली आणि शंभरच्या गाडीवर डबल सीट निघालो. शिरगाव, पोफळीपर्यंत काही वाटलं नाही. घाट लागला तसा पाऊस वाढला आणि धुकं उतरलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओरडायची आणि तिसरा टाकला की मरायची. मागे एसटी होती. तिच्या ड्रायव्हरचाही दोष नव्हता, चढावर मोठी गाडी थांबवली तर पुन्हा उचलणं त्यालाही जड. तो हॉर्न देत होता आणि आम्ही कडेच्या गटाराला खेटून वीसच्या वेगाने चाललो होतो. एका वळणावर गाडीने दम तोडला. पहिला टाकून पुन्हा उचलायला गेलो तर मागचं चाक ओल्या खडीवर फिरलं.

मग आमच्यातली एक खाली उतरली. बुरखा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात पिशवी, डोक्यावर हेल्मेट तसंच. तिने तीन वळणं पायी काढली. दुसरा रिकामी गाडी घेऊन पुढे जायचा, जागा बघून थांबायचा, मागे वळून बघायचा. धुक्यात ती दिसायची नाही. ट्रक दिसायचे.

कराडला पोचेपर्यंत इशाची वेळ झाली होती. अम्मींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि पुढचे तीन महिने दर आठवड्याला आम्ही घाट चढलो. एसटीने का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. मुलं बरोबर असली की एसटीच. पण डॉक्टर भेटतात संध्याकाळी, दुकान उघडायचं असतं सकाळी, आणि कराडात दवाखाना, औषधाचं दुकान, अम्मींचं घर अशा दिवसातून चार फेऱ्या. गाडीवाचून ते जमत नव्हतं.

जुन्या गाडीबद्दल वाईट लिहायचं नाही. ती आम्ही २०११ साली घेतली. २२ जुलै २०२१ च्या महापुरात ती अंगणात हँडलच्या वर पाण्यात होती. पाणी उतरलं तेव्हा सायलेन्सरमधून गाळ काढला, टाकी उलटी केली. आमच्या मिस्त्रीने इंजिन खोललं, तीन वेळा ऑइल बदललं, वायरिंग नवीन टाकलं, आणि नवव्या दिवशी ती किकवर सुरू झाली. चिपळुणात त्या महिन्यात किती गाड्या भंगारात गेल्या ते ज्यांनी पाहिलं त्यांना आमची माया समजेल. साठचा ॲव्हरेज देते, सुट्या भागांना कुठल्याही गावात अडत नाही.

अब्बांची माया तर याहून जुनी. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. त्या वेळी रस्त्यावर बहुतेक गाड्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे निळा धूर. ही चार स्ट्रोकची, न बोलता चालणारी आणि पेट्रोल पिणार तेही चमच्याने. अब्बांनी पुढे ती जुनी विकत घेतली होती. सव्वाशेचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "शंभरवर मी तुझ्या अम्मीला घेऊन रत्नागिरीपर्यंत गेलोय."

स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाल्या, "तेव्हा मी पंचेचाळीस किलोची होते. आता बसवून बघा."

अब्बांच्या एका दोस्ताकडे यामाहाची आरएक्स १०० होती. ती घाट चढायची, मग तुमची का नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्याचं उत्तर सोपं आहे. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला ठिणगी घेतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांना एकदा. म्हणून आरएक्स तेवढ्याच सीसीत अकरा हॉर्सपॉवरपर्यंत द्यायची आणि आपल्या आजच्या शंभरच्या गाड्या आठच्या आसपास देतात. ती पेट्रोलही तसंच प्यायची, हे मात्र अब्बा सांगत नाहीत.

मिस्त्रीला आधी विचारलं. त्याने दोन उपाय सांगितले. एक, पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करायचा. त्याने चाकाला ओढ साधारण सात टक्के वाढते आणि सपाटीवरचा वेग तेवढाच कमी होतो. दुसरा, ब्लॉक-पिस्टन करून घ्यायचं. पण तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "भाभी, खर्च करा, मला चार पैसे मिळतील. पण ही नवी होती तेव्हा जेवढी ओढायची तेवढीच ओढेल, त्याहून जास्त नाही. आणि नवी असताना तरी तुम्ही दर आठवड्याला घाटात डबल सीट कधी गेला होतात?"

खरं होतं. गाडी बदलली नव्हती, आम्ही तिच्याकडून मागत होतो ते बदललं होतं.

हॉर्सपॉवर हा शब्द आमच्या दुकानात रोजचा. विहिरीचं पाणी खाली गेलं की शेतकरी येतो आणि म्हणतो, मोटार चालते पण पाणी वर येत नाही. त्याला आम्ही सांगतो, मोटार बिघडलेली नाही, उचल वाढली आहे. एक एचपीच्या जागी दीड घाल. दुसऱ्याला हे सांगताना सोपं जातं. स्वतःच्या गाडीचा हिशोब आम्ही पंधरा वर्षांत कधी केला नव्हता. तो एका रात्री दुकानाच्या बिलबुकामागे केला.

गाडी एकशे बारा किलो, आम्ही दोघं मिळून एकशे तीस, पिशवी आणि भिजलेले कपडे धरून अडीचशे किलो. त्याला आठ हॉर्सपॉवर. तेही आठ हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन जीव खाऊन ओरडत असताना. वळणावर वेग कमी होतो, आरपीएम पडतात, आणि आठाचे चार होतात. त्या वेळी उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे मोटारीच्या भाषेत उचलायची ताकद. शंभरच्या गाड्यांत तो आठ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. सव्वाशेच्या बहुतेक गाड्यांत साडेदहा ते अकरा. सीसी वाढतात पाव हिस्सा, पण ओढ वाढते जवळपास तिसरा हिस्सा. आणि साध्या सव्वाशेच्या गाडीचं वजन शंभरपेक्षा थोडंसंच जास्त. दोन-चार किलो, कुठे आठ-दहा. म्हणजे वाढलेली ताकद गाडी स्वतःला ओढण्यात खात नाही, ती माणसांच्या वाट्याला येते. आमचा निर्णय खरं तर त्या बिलबुकावरच झाला.

पण घरात निर्णय असा एकट्या-दुकट्याचा नसतो. आमचा थोरला सोळाचा. त्याचं म्हणणं, घेताय तर दोनशेची घ्या, दोन वर्षांनी मला लायसन्स मिळेल. त्याला आम्ही स्पष्ट सांगितलं की गाडी त्याच्यासाठी येत नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गियरची गाडी सापडली तर कायद्याने पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. मोहल्ल्यात किती जण हे जाणून मुलाच्या हातात चावी देतात, त्यावर वेगळा लेख होईल. भावजींचा सल्ला दीडशे-एकशे साठचा. त्यात तथ्य होतं. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशेच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना तेव्हा सीबीएस पुरत होतं. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, एवढंच. ओल्या घाटासाठी एबीएस चांगलं, यात वाद नाही.

मग आम्ही दोघं शोरूममध्ये जाऊन बसून पाहिलं. बसून म्हणजे खुर्चीवर नव्हे, गाडीवर. आणि दोघंही. सेल्समन सारखा चालवणाऱ्याशीच बोलत होता. पिकअप, हेडलाइट, मीटरवरचं ब्लूटूथ. आमच्यातली एक बाजूला उभी. शेवटी तिनेच विचारलं, "मागे कुठे धरायचं?" दीडशेच्या वरच्या त्या गाडीची मागची सीट उंच आणि उतरती. बसलं की माणूस पुढच्याच्या पाठीवर घसरतो. वजन एकशे चाळीसच्या पुढे. आमच्या अंगणातून रस्त्यावर यायला तीन फुटांची उतरंड आहे, तिथून गाडी रोज मागे ढकलत काढावी लागते. चालवणाऱ्याचं वय पंचेचाळीस, कमरेचा त्रास आहे. पेट्रोलही जास्त. एबीएस मिळत होतं ते सोडलं, आणि सव्वाशेत पुढे डिस्क ब्रेक असलेली घेतली. हा सौदा बरोबर की चूक ते आम्ही ठरवू शकत नाही. ज्यांना उंच सीट आणि वजन चालतं त्यांनी एबीएसवालीच घ्यावी, असं आम्ही म्हणू. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको.

पैशाचं बोलायचं तर सप्टेंबरने थोडा हात दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कराआधी सत्तर हजारांची गाडी असेल तर सात हजार वाचतात. तरी ऑन रोड लाखाच्या आसपास आकडा आला. विमा, पासिंग, सगळं धरून. विम्यात एक गोष्ट कळली. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीच्या टप्प्यांवर ठरतो आणि पंचाहत्तरच्या वर ते दीडशेपर्यंत एकच टप्पा आहे. म्हणजे शंभरवरून सव्वाशेवर गेलात तरी त्या भागात एक रुपयाही वाढत नाही.

शोरूमवाल्याने हप्त्यांचा कागद पुढे केला. त्यावर 'झिरो पर्सेंट' असं मोठ्या अक्षरात होतं. खाली बारीक अक्षरात प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज, आणि शिवाय रोखीने घेतली तर मिळणारी सूट हप्त्यावर मिळणार नव्हती. ती सूट आणि फी मिळून किती होतात ते बिलबुकावर मांडलं, तर व्याजच दुसऱ्या दाराने आत येत होतं. आमच्या घरात व्याजाचं कर्ज अब्बांनी कधी येऊ दिलं नाही, पुरानंतर दुकान उभं करतानाही नाही. त्यामुळे हा प्रश्न लवकर मिटला. उरला प्रश्न रोख कुठून आणायची.

आमच्यातली एक दहा बायकांच्या भिशीत आहे. महिना पाच हजार, चिठ्ठी निघेल तिला पन्नास. बोलीची भिशी नाही. जिला गरज जास्त तिने कमी पैशांत उचलायची आणि बाकीच्यांनी तो फरक वाटून घ्यायचा, ते आम्हाला पटत नाही. चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिचं. ऑक्टोबरात निघालं दुसरीचं. तिच्या घरी मुलीची मंगनी होती, तरी तिने आमच्या कराडच्या फेऱ्या पाहिल्या होत्या. "तू घे, माझी मंगनी जानेवारीत आहे," म्हणाली. नोव्हेंबरची आमची जी निघेल ती तिची, असं ठरलं. पन्नास असे झाले. बाकीचे दुकानाच्या शिलकीतले आणि थोडे अब्बांनी, न मागता, उशीखालून काढून दिले. शंभरच्या बाजूने सर्वात जास्त बोलले होते तेच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी आली. पण आली म्हणून लगेच घाटात नेता येत नव्हती. नव्या इंजिनाचे पहिले पाचशे किलोमीटर जपायचे असतात. एकसारखा वेग ठेवायचा नाही, पूर्ण रेस द्यायची नाही, ओझं घालून चढ चढवायचा नाही. मग दोन आठवडे बहादूरशेख नाका, सावर्डे, पुन्हा घर, असं चक्कर मारून किलोमीटर भरले. कराडला तोवर जुनीच नेली, पण एकट्याने.

आणि याच दोन आठवड्यांत, सपाट रस्त्यावर, ते झालं जे घाटात झालं असतं तर हा लेख लिहायला आमच्यातलं कोण उरलं असतं सांगता येत नाही. जुन्या गाडीचे चारही गियर पुढे दाबत जायचे. पंधरा वर्षांची पायाची सवय. नव्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे चार वर उचलायचे. सावर्ड्याच्या रस्त्यावर चौथ्यात साठच्या वेगाने जाताना डोक्यात दुसराच विचार, पायाने सवयीने पाचवा म्हणून पुढे दाबला. गाडी तिसऱ्यात पडली. इंजिन किंचाळलं, मागचं चाक अडखळलं आणि मागे बसलेलीचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटलं. मागे वाहन नव्हतं. त्या दिवसापासून ठरलं की पाचशे किलोमीटर पुरे होईपर्यंत मागे कोणी बसायचं नाही, आणि एक आठवडा जुनी गाडी चालवायचीच नाही. रोज दोन्ही चालवल्या तर पाय कुठलीच शिकत नाही. तेवढ्यापुरत्या कराडच्या फेऱ्या एसटीने केल्या.

ब्रेकचंही तसंच. जुन्या गाडीला दोन्ही ड्रम, हात घट्ट दाबायचा तेव्हा कुठे थांबायची. डिस्क ब्रेकला दोन बोटं पुरतात. पहिल्या दिवशी जुन्या हाताने दाबला तर गाडीने पुढे नाक खुपसलं. मोकळ्या मैदानावर, आधी कोरड्या मातीत, मग डांबरावर पाणी टाकून, वीसच्या वेगाने थांबून थांबून हात शिकवला. लोक बघून हसले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस गाडी शिकतोय म्हणून.

आता मागे बसणारीच्या बाजूचं. कायद्याने दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी हवीच. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. आजकाल मुलं गाडी बारीक दिसावी म्हणून ती पहिल्याच दिवशी काढून टाकतात. ज्या घरात बुरखा, ओढणी, साडी आहे तिथे हे करू नका. ओढणी चाकात गेली की ती गळ्यापर्यंत ओढली जायला क्षण लागतो. आमच्यातली एक आता पुढून उघडणारा अबाया घालते, खाली सलवार, आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसते. घरच्या अम्मींना पहिल्यांदा ते बरं दिसलं नाही. एका बाजूला बसलेल्या माणसाचं वजन वळणावर कुठे जातं ते त्यांना अंगणात गाडीवर बसवून दाखवलं. त्या उतरल्या आणि म्हणाल्या, "बस बाई, तशीच बस."

हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे. स्कार्फवर हेल्मेट सैल बसतं आणि पिना टोचतात, म्हणून खाली सुती टोपी, पिना नाहीत, आणि पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का बघून घ्या. डबल सीट जाताना मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं आणि हवा भरणारा पोरगा ते कधीच बघत नाही. मागच्या शॉकॲपलाही पायऱ्या असतात. दोघं जाणार असाल तर एक-दोन पायऱ्या कडक करून घ्या. जुन्या गाडीवर पंधरा वर्षांत आम्ही ते एकदाही केलं नव्हतं, आणि कंबर दुखते म्हणून सीटला दोष देत होतो.

एक कबुलीही देऊन टाकतो. जुन्या गाडीवर धाकटीला आम्ही मधे बसवायचो. आठ वर्षांची आहे, सगळेच बसवतात. कायद्याने चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतं. नवी गाडी आली तेव्हा धाकटी सगळ्यात आधी मधे चढून बसली. तिला उतरवलं तेव्हा ती रडली. म्हणाली, "मोठी गाडी घेतली ना मग?" तिला पटेल असं उत्तर आमच्याकडे अजून नाही. ती आता एसटीने येते, आमच्यातल्या एकीबरोबर किंवा दादा-दादीबरोबर, आणि खिडकीची जागा मिळाली तर बोलतही नाही.

जुनी गाडी विकायची की ठेवायची यावर घरात आठवडाभर चाललं. एक्सचेंजमध्ये शोरूमने सांगितलेला आकडा ऐकून अब्बा उठून बाहेर गेले. शेवटी दुकानात काम करणाऱ्या मुलाला दिली. तो अलोऱ्याहून येतो, त्याला सपाट रस्ता, एकटा माणूस, त्या गाडीला आयुष्यभर पुरेल असं काम. किंमत ठरवली, पगारातून महिना हजार, वर काही नाही. पण पैसे फिटेपर्यंत नाव आपलंच राहू दे, असं तो म्हणाला तेव्हा आम्ही मानलं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरले, विमा त्याच्या नावावर करायला दिला. आपल्याकडे ओळखीत गाडी दिली की कागद वर्षानुवर्षं तसेच राहतात. उद्या अपघात झाला तर आरसी बुकावर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हे स्पष्ट सांगितलं आहे, मग गाडी प्रत्यक्षात चार हात पुढे गेलेली का असेना. त्या मुलाला आमच्यावर भरवसा आहे, आमचा त्याच्यावर आहे. तरी कागद केले.

पहिली सर्व्हिस झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं नव्या गाडीवर कराडला निघालो. पोफळी सोडली. पाऊस नव्हता, धुकं नव्हतं, तेव्हा तुलना अगदी बरोबरीची नाही हे मान्य. पण वजन तेच होतं, पिशवी उलट जड, अम्मींसाठी नारळ आणि सुकी मासळी. चढ लागला. तिसऱ्यात गाडी पस्तीस-चाळीसने जात राहिली. वळणावर कमी झाली, पुन्हा रेस दिली तर उचलली. ओरडली नाही. मागे एक ट्रक होता, तो मागेच राहिला. पुढे जायची घाई आम्हाला नव्हती. मागून कोणी ढकलत नाही, एवढंच पुष्कळ होतं. उतरताना काय करायचं ते अब्बांनी निघताना तीनदा सांगितलं होतं. न्यूट्रल नाही, इंजिन बंद नाही, चढताना जो गियर तोच उतरताना, ब्रेक सोडून सोडून.

पेट्रोलचा हिशोब आल्यावर केला. जुनी साठ द्यायची, ही पंचावन्नच्या आसपास. आठवड्याला दोनशे किलोमीटर धरले तर तीस-बत्तीस रुपये जास्त.

घाटात त्या तीन वळणांपाशी आलो तेव्हा मागून खांद्यावर थाप पडली. थांबलो. आमच्यातली एक खाली उतरली, कठड्यापर्यंत गेली, ज्या बाजूने पायी आली होती तिकडे थोडा वेळ बघत राहिली. "केवढंसं आहे," म्हणाली. "त्या दिवशी संपत नव्हतं."

घाटमाथ्यावर चहा घेतला. कराडला फोन केला. अम्मी वॉकर घेऊन स्वतः फोनपर्यंत आल्या होत्या. कुठवर आलात, असं विचारलं. वर आलो, म्हटलं. त्यांना आधी खरं वाटलं नाही, मग म्हणाल्या, भात आत्ता टाकत नाही, तुम्ही पाटण ओलांडलं की पुन्हा फोन करा.